किडकिडीत माणसालाही शुगर का होते?

शुगर आणि बीपी हे बंगल्यात राहणाऱ्यांचे, तूप-लोणी खाणाऱ्यांचे आजार, ही समजूत आपल्या वस्त्यांमधून अजून गेलेली नाही. ‘आपण कष्टाची माणसं, आपल्याला कसली शुगर?’ असे आम्हाला आजही ऐकावे लागते. असे म्हणणारा माणूस बहुधा अंगाने बारीक असतो. तो बिगारी काम करतो, हमाली करतो, रिक्षा चालवतो किंवा पहाटे उठून शहराचा कचरा उचलतो. त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि यंत्रावर अडीचशेचा आकडा आला, की आधी यंत्र बिघडले असे वाटते. मग घरातील बाई म्हणते, ‘अहो, यांच्या अंगावर मांस तरी आहे का?’

तिचा हा प्रश्न बरोबर आहे. उत्तरही त्यातच आहे. अंगावर मांस नाही, हेच तर शुगर होण्याचे एक कारण आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार शंभर प्रौढांमागे अकरांहून अधिक जणांना मधुमेह आहे, आणखी पंधरा जण उंबरठ्यावर आहेत आणि पस्तीस जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. हृदयविकाराबाबत बावन्न देशांत झालेल्या अभ्यासातून दुसरी एक गोष्ट पुढे आली. दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांतील माणसाला ५९च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे तो सहा वर्षे आधी येतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही सहा वर्षे म्हणजे मुलाचे कॉलेज, मुलीचे लग्न आणि खोलीचे हप्ते. कमावत्या माणसाला पॅरालिसिस झाला की त्याच्यासोबत घरातले आणखी एक माणूस कामावरून उठते, कारण त्याला धरायला कोणीतरी लागते.

दोन डॉक्टर आणि एक कणगी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव या विषयात जगभर घेतले जाते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी-शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआयचा आकडा दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघे सारखेच सडपातळ, पण आपल्या माणसाच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त. ही चरबी गालावर किंवा दंडावर दिसत नाही. ती पोटाच्या आत, यकृताभोवती जाऊन बसते.

आता कणगीचे. आपण भात, भाकरी, पाव, बटाटा काहीही खाल्ले, की त्याची साखर होऊन ती रक्तात येते. इन्सुलिन ही साखर रक्तातून उचलून पेशींमध्ये पोहोचवते. तिला साठवायची सर्वांत मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. स्नायू ही साखरेची कणगी समजा. ज्याचे स्नायू भरदार त्याची कणगी मोठी, जेवणानंतरची साखर तिच्यात मावते. ज्याचे स्नायू कमी त्याची कणगी लहान. धान्य तेवढेच आले तरी कणगी लवकर भरते आणि उरलेले दारात सांडते. ते सांडलेले म्हणजे रक्तातील शुगर. जास्तीच्या साखरेची यकृत चरबी करते. ती यकृतात साठते आणि रक्तातही उतरते, आणि चरबी साठलेले यकृत मग इन्सुलिनचे ऐकेनासे होते. इन्सुलिन तयार करणारे स्वादुपिंड जास्त काम करून काही वर्षांनी थकते. रक्तवाहिन्यांच्या आत या सगळ्याचा थर बसत जातो. शुगर, बीपी आणि हार्ट हे तीन वेगळे आजार म्हणून आपण तीन डॉक्टरांकडे जातो, पण त्यांचे मूळ बऱ्याच वेळा एकच असते.

आपली कणगी लहान का राहिली? याची सुरुवात आईच्या पोटातच होते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. बाळ लहान, त्याचे स्नायू कमी, पोटातील अवयवही लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पोटात अन्न कमी पडले की बाळाचे शरीर काटकसर करते. मेंदू वाचवते, चरबी धरून ठेवते आणि स्नायूंवरचा खर्च कमी करते. पुढे आयुष्यभर उपासमारच असेल, या हिशेबाने ते शरीर घडते. मग पुढे पोटभर, त्यातही गोड आणि तेलकट खायला मिळू लागले, की त्या शरीराचा हिशेब चुकतो.

हे फक्त आपल्याच बाबतीत घडते असे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने हॉलंडच्या काही भागाची रसद तोडली. माणसे भुकेने मेली. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा तपासली गेली, आणि त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद इतरांपेक्षा कमी आढळली. हॉलंडची ती उपासमार काही महिन्यांची होती. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या घरांनी किती पिढ्या मागून आणलेल्या शिळ्या भाकरीवर काढल्या, ते वेगळे सांगायला नको. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या बायांच्या पोटी जन्मलेली माणसे आज पन्नाशीत आहेत. त्यांनी शुगर तपासून घेतली नसेल तर आधी घ्यावी.

ताटात काय बदलले

पूर्वी आपल्या घरात काय शिजत होते ते आठवा. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, पातळ कोरड्यास, कधी हुलगे, मटकी, अंबाडी, घोळ, तांदुळजा, आठवड्यातून एखादे वेळी सुकट किंवा मटण. तेल चमच्याने मोजून घालावे लागे. साखर पाहुणे आले तरच निघायची. त्या जेवणाचे गोडवे गावेत असे आम्हाला वाटत नाही. ते पोटभर नव्हते आणि गरिबी कौतुकाची गोष्ट नाही. पण त्यात चोथा होता, चावायला लागायचे आणि साखर रक्तात हळूहळू उतरायची.

आज अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय कार्डावर घरामागे पस्तीस किलो, आणि २०२३पासून ते फुकट आहे. हा कायदा झाला नसता तर किती घरांत चूल पेटली नसती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण रेशनवर येते ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ आपल्याला विकत घ्यावी लागते, भाजी विकत घ्यावी लागते. मग ताटात भाताचा ढीग आणि त्यावर पातळ आमटीची पळी, असे होते. पोट भरते, पण स्नायूंना लागणारी प्रथिने मिळत नाहीत. कणगी लहानच राहते आणि धान्य मात्र रोज येत राहते.

त्यात चहाची भर. घरच्या कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण दहा ग्रॅम. सकाळी एक, नाश्त्याला एक, कामावर दोन आणि संध्याकाळी एक, असे पाच कप धरले तर पन्नास ग्रॅम झाले. महिन्याला दीड किलो साखर एकटा माणूस पिऊन टाकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर चांगले. चहासोबत खारी, बटर, टोस्ट येतात, म्हणजे मैदा आणि डालडा. सकाळी घाईत पोळी-भाजी होत नाही म्हणून मुलाच्या हातावर वडापावचे पैसे ठेवले जातात, आणि संध्याकाळी तोच मुलगा पाच रुपयांची पुडी फोडतो. आईला दोष देणे सोपे आहे. पहाटे पाचला पाण्याची रांग लावून सातला धुण्याभांड्याला निघणाऱ्या बाईने नाश्ता कधी करायचा, हे दोष देणाऱ्याने आधी सांगावे. तरी एक हिशेब मांडतो. एका वडापावच्या पैशात दोन अंडी घरी येतात. दोन अंड्यांत साधारण बारा ग्रॅम प्रथिने असतात. रात्रीची भाकरी आणि उकडलेले अंडे याला पाच मिनिटे लागतात.

तेलाचे म्हणाल तर सर्वांत स्वस्त असते पामतेल. त्यात निम्मी चरबी अशी असते जी रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांच्या तेलात ती बरीच कमी असते. पण कोणतेही तेल औषध नव्हे. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटरच्या आसपास तेल पुरवावे, असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे तळणाचे दिवस धरले तर चार-पाच लिटर सहज जाते. वडे किंवा भजी तळलेले तेल गाळून पुन्हा पुन्हा वापरू नये. तापवून तापवून ते काळे पडते आणि त्यात घातक द्रव्ये तयार होतात.

मिठाचे गणित

बीपीचा संबंध आपण रागाशी आणि टेन्शनशी जोडतो. टेन्शन आपल्या वाट्याला कमी नाही हे खरे, पण मीठ जास्त महत्त्वाचे आहे. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो आणि काही वर्षांनी त्या वाहिन्या कडक होतात. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढेच मीठ पुरे. आपण भाजीत घालतो ते वेगळे, भाताला घालतो ते वेगळे, आणि वर लोणचे, पापड, ठेचा, फरसाण. चव कडक लागल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, ही आपली जुनी सवय आहे. एका मिरचीवर भाकरी संपवायची असेल तर ती तिखटजाळ आणि खारटच लागणार. आता कालवण पुरेसे असताना ती सवय सोडता येते. मीठ हळूहळू कमी केले तर दोन-तीन आठवड्यांत जिभेला कळतही नाही.

सुक्या मासळीवर बंदी घालणारे डॉक्टर भेटतात. त्यात फरक करायला हवा. वलांडीवर वाळवलेला बोंबील आणि उन्हात वाळवलेला जवळा यांना सहसा मीठ लावत नाहीत. ती स्वस्त आणि उत्तम प्रथिने आहेत. दोन पाण्यांतून धुऊन कमी तेलात करावीत. खारवलेला बांगडा, खारवलेली सुरमई मात्र बीपीच्या माणसाने टाळलेलीच बरी.

भाजीचे महत्त्व किती, याची एक नामांकित चाचणी अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष १९९७ साली आले. ४५९ माणसांना काही आठवडे ठरलेले जेवण दिले. त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, म्हणजे त्या देशात ज्यांना बीपी सर्वाधिक छळते ते लोक. मीठ सगळ्यांना सारखेच ठेवले, वजनही बदलू दिले नाही. ज्यांच्या ताटात भाज्या, फळे आणि कमी सायीचे दूध-दही वाढवले आणि चरबी कमी केली, त्यांतील बीपी असलेल्या माणसांचा वरचा आकडा ११ने खाली आला. एखाद्या गोळीने येतो तेवढा. भाज्या, कडधान्ये, केळी यांत पोटॅशियम असते, ते जास्तीचे मीठ लघवीवाटे बाहेर काढायला मदत करते.

चीनमध्ये तर सहाशे गावांत याची परीक्षा झाली. तिथल्या सुमारे एकवीस हजार माणसांपैकी निम्म्या गावांतील लोकांना नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियमचे मीठ मिसळलेले मीठ दिले. पाच वर्षांच्या आसपास लक्ष ठेवले. २०२१ साली निकाल आला तेव्हा त्या गावांत पॅरालिसिसचे झटके १४ टक्क्यांनी कमी झालेले होते. हे मीठ आपल्याकडे ‘लो सोडियम’ म्हणून मिळते, जरा महाग असते. ज्यांना किडनीचा त्रास आहे किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. त्यांच्यासाठी ते धोक्याचे ठरू शकते.

त्याच पैशात वेगळे ताट

भात सोडा असे आम्ही सांगणार नाही. शुगर निघाली की भात बंद करून चार चपात्या खाणारे कितीतरी आहेत, आणि शुगर उतरत नाही म्हणून चकित होतात. चार चपात्यांचीही साखरच होते. भाकरीचीही होते, फक्त हळू. गूळ आणि मध यांचीही होते, रंग बदलला म्हणून शरीर फसत नाही. बदलायचे ते प्रमाण. भाताचा एकच वाडगा, आणि त्याच्याबरोबर घट्ट वरण किंवा उसळीचे दोन वाडगे. पातळ आमटीत डाळ शोधावी लागत असेल तर ती डाळ नव्हे. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात आणि त्या डाळीपेक्षा फार महाग नसतात; मूठभर वड्या रश्श्यात टाकता येतात. हुलगे, चवळी, मटकी, हरभरा रात्री भिजत घातले तर सकाळी काम सोपे होते. पालेभाजी संध्याकाळी बाजार उठताना स्वस्त मिळते, हे आपल्या आयाबहिणींना आम्ही शिकवायला नको.

जेवताना आधी भाजी आणि उसळ खावी, भात शेवटी. एवढ्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते. जेवून लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे गल्लीतून चालावे. रात्रपाळी करून अकराला जेवणाऱ्यांनी तर नक्कीच. स्नायूंना काम मिळाले की ते रक्तातली साखर ओढून घेतात.

आणि घरातील बाईच्या ताटाकडे बघा. ती सगळ्यांच्या शेवटी बसते. तोवर उसळ संपलेली असते, अंडे मुलाला गेलेले असते, मासळीचा तुकडा नवऱ्याला. तिच्या वाट्याला पातेल्यात उरलेला भात आणि खरवडीचा रस्सा. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात दिसले की ज्या गरोदर स्त्रियांच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा होते त्यांची बाळे अधिक वजनाची जन्मली. सुनेच्या पोटात बाळ असताना तिला शेवटी जेवू घालणे म्हणजे नातवाची कणगी लहान करणे होय. तिने सगळ्यांबरोबर बसावे, आणि वाढणाऱ्याने तिचा वाटा आधी बाजूला काढावा.

ताटाशी थेट संबंध नसला तरी मशेरी, तंबाखू आणि दारू यांचा उल्लेख करावा लागेल. ही तिन्ही रक्तदाब वाढवतात. मशेरी लावणारी बाई तिला व्यसन समजत नाही, दात घासणे समजते. तिचे निकोटिन मात्र हिरड्यांतून थेट रक्तात जाते.

टेप आणि कागद

वजनकाट्यावर आपला विश्वास फार. पण आपल्या शरीराची खोड पाहता शिंप्याचा टेप जास्त खरे सांगतो. सकाळी उपाशी पोटी, श्वास सोडून, बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्यावे. पुरुषाचे ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचे ८०च्या वर असेल तर हातपाय कितीही बारीक असोत, तपासणी करून घ्यावी. तिशीनंतर प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य होते. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तेव्हा त्यांना परत पाठवू नका. उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याहून जास्त असली तर मधुमेह, १०० ते १२५च्या मध्ये असली तर उंबरठा. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९०च्या वर येत असेल तर उपचार हवेत. उंबरठ्यावरच्या माणसाला ताट आणि चालणे यांनी परत फिरता येते.

ज्यांना गोळ्या सुरू झाल्या आहेत त्यांनी ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या बंद करू नयेत. बीपी दुखत नाही आणि शुगर बराच काळ खुपत नाही. आतल्या आत डोळे, किडनी आणि पायांच्या नसा जात असतात. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरच्या वर्षांत किती छळले, पाय आणि दृष्टी कशी साथ सोडत गेली, हे आपण वाचलेले आहे. आज साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कारल्याचा रस, भिजवलेली मेथी आवडत असेल तर घ्यावी, गोळीच्या ऐवजी नाही.

वर्षावासात उपोसथ पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनी, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर, आधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. गोळी पोटात आणि अन्न नाही, असे झाले तर शुगर एकदम खाली जाते. दरदरून घाम, हातापायांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. तेव्हा व्रताचा विचार करत बसू नये. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात न्यावे.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात चहा-बिस्किटांच्या शेजारी बीपीचे यंत्र आणि एक टेप ठेवायला फार खर्च येत नाही. नर्सिंग शिकणारी एखादी मुलगी जवळपासच्या गल्लीत असतेच. तिने घेतलेले आकडे तारखेसह प्रत्येकाच्या हातात कागदावर द्यावेत आणि तो कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवावा. दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात.